नेटवर्क नसलेल्या संगणकावर जावा प्रोग्रॅम स्थानिक डेटाबेसला जोडण्याची रीत

“नेटवर्क नाही” असे म्हणणाऱ्याला तीनपैकी नेमकी कोणती गोष्ट म्हणायची आहे, हे आधी ठरवून घ्यावे, कारण तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्या प्रकारात संगणकाला इंटरनेट नसते, पण ऑपरेटिंग सिस्टिमचा १२७.०.०.१ हा लूपबॅक पत्ता व्यवस्थित चालू असतो. केबल काढली, वायफाय बंद केले, तरी एकाच संगणकावरील दोन प्रोग्रॅम या पत्त्यावरून एकमेकांशी बोलू शकतात. दुसऱ्या प्रकारात सुरक्षेच्या नियमांमुळे कोणतेही पोर्ट (इतर प्रोग्रॅम्सशी बोलण्यासाठी उघडलेले क्रमांकित दार) उघडण्यासच मनाई असते. तिसऱ्या प्रकारात चालू प्रोग्रॅमला नेट लागतच नाही, पण तो तयार करताना किंवा दुरुस्त करताना लागणाऱ्या जार फाईल्स (जावाचा तयार कोड एकत्र बांधलेली गाठोडी) त्या जागी उतरवून घेता येत नाहीत. व्यवहारात अडवणूक होते ती बहुतेक वेळा या तिसऱ्या प्रकारामुळे, आणि नवशिका प्रोग्रॅमर मात्र जोडणीच्या कोडमध्ये दोष शोधत बसतो.

पुढील विवेचनासाठी एका लहान सार्वजनिक ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. एकच संगणक, त्यावर ग्रंथांची दाखल नोंद, सभासदांची यादी आणि रोजची देवघेव, आणि इंटरनेट नाही. (आज्ञा, वर्ग आणि पर्यायांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत, टंकताना ती अर्थातच रोमन लिपीत लिहावी लागतात.)

सर्व्हर की फाईल

स्थानिक डेटाबेस म्हटल्यावर अनेकांच्या डोळ्यांसमोर पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल येते. हे दोन्ही स्वतंत्र सर्व्हर आहेत. ते आधी स्थापित करावे लागतात, संगणक सुरू होताना चालू व्हावे लागतात, आणि जावा प्रोग्रॅम त्यांच्याशी पोर्टवरून बोलतो. इंटरनेटशिवाय ते उत्तम चालतात. तरीही एका टेबलावरच्या एका संगणकासाठी सर्व्हर बसवणे मला अनाठायी वाटते, कारण तो बंद पडला तर दुरुस्त करणारा माणूस त्या गावात असेलच असे नाही.

त्याऐवजी एम्बेडेड डेटाबेस वापरावा. यात डेटाबेसचे इंजिन ही एक जार फाईल असते आणि ते आपल्याच प्रोग्रॅमच्या प्रोसेसमध्ये चालते. पोर्ट नाही, सर्व्हिस नाही, वेगळी स्थापना नाही. सर्व माहिती डिस्कवरच्या एका फाईलमध्ये किंवा फोल्डरमध्ये राहते. जावासाठी असे चार प्रमुख पर्याय आहेत: एसक्यूलाईट, एचटू, अपाचे डर्बी आणि एचएसक्यूएलडीबी. डर्बी एकेकाळी “जावा डीबी” या नावाने जेडीके म्हणजे जावाच्या विकाससंचाबरोबरच मिळत असे. जेडीके ९ पासून ते काढून टाकण्यात आले, त्यामुळे “वेगळे काही उतरवायची गरज नाही” असे सांगणाऱ्या जुन्या पाठांवर आता विसंबू नये. विंडोजवर अॅक्सेसच्या फाईली उघडून देणारा जेडीबीसी-ओडीबीसी पूलही (जेडीबीसी म्हणजे जावाची डेटाबेसशी बोलण्याची ठरलेली पद्धत) जावा ८ मध्ये गेला.

माझी निवड बहुतेक वेळा एसक्यूलाईट असते. त्याची फाईल जावाबाहेरच्या असंख्य साधनांनी उघडता येते, आणि उद्या आपला प्रोग्रॅम कोणी सांभाळला नाही तरी ग्रंथालयाची माहिती अडकून पडत नाही. मात्र त्याचे इंजिन सी भाषेतले आहे. जावासाठीचा जो ड्रायव्हर (प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांना जोडणारा दुवा) सर्वत्र वापरला जातो, तो विंडोज, लिनक्स आणि मॅकसाठीची तयार नेटिव्ह लायब्ररी (त्या त्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बनवलेला कोड) आपल्या जारमध्येच घेऊन येतो आणि प्रोग्रॅम सुरू होताना ती तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढून ठेवतो. ज्या संगणकावर तात्पुरत्या फोल्डरातून काहीही चालवण्यास बंदी आहे, तेथे हे फसते आणि “अनसॅटिस्फाइडलिंकएरर” येते, अशा वेळी “ऑर्ग.एसक्यूलाईट.टीएमपीडीआयआर” ही प्रॉपर्टी देऊन परवानगी असलेले दुसरे फोल्डर दाखवावे. जावा २४ पासून नेटिव्ह लायब्ररी लोड होताना एक इशाराही छापला जातो. तो “इनेबल-नेटिव्ह-अॅक्सेस” या पर्यायाने थांबवता येतो आणि त्याने काम अडत नाही. नेटिव्ह भाग मुळीच नको असेल, तर संपूर्ण जावात लिहिलेले एचटू घ्यावे.

नेट असलेल्या ठिकाणी करायची तयारी

ज्या संगणकावर इंटरनेट आहे, तेथेच ड्रायव्हरची जार, तिला लागणाऱ्या इतर जार आणि जावाचा रनटाइम (जावा प्रोग्रॅम चालवणारा भाग) हे सगळे गोळा करून घ्यावे. “इतर जार” या शब्दांकडे दुर्लक्ष होते. एसक्यूलाईटच्या ड्रायव्हरच्या काही आवृत्त्यांना एसएलएफफोरजे-एपीआय ही लॉगिंगची जार सोबत लागते. ती नेली नाही, तर पन्नास किलोमीटरवरच्या ग्रंथालयात जाऊन “नोक्लासडेफफाउंडएरर” वाचावी लागते. मेव्हन (जावा प्रोग्रॅम बांधण्याचे साधन) वापरत असाल तर “डिपेन्डन्सी:कॉपी-डिपेन्डन्सीज” ही आज्ञा सर्व अप्रत्यक्ष जार्ससह “टार्गेट” फोल्डरातील “डिपेन्डन्सी” या उपफोल्डरमध्ये गोळा करून देते. तेच उचलून “लिब” नावाने प्रोग्रॅमशेजारी ठेवावे.

त्या जागी नुसता प्रोग्रॅम चालवायचा नसून तो बांधायचाही असेल, तर मेव्हनची स्थानिक रिपॉझिटरी (उतरवलेल्या जार्सचा साठा) सोबत न्यावी लागते. यासाठी “गो-ऑफलाइन” नावाचे उद्दिष्ट आहे, पण बांधणीच्या वेळी प्लगिन्स ऐनवेळी मागतात त्या काही गोष्टी त्यातून सुटतात. अधिक खात्रीची रीत अशी, की “मेव्हन.रेपो.लोकल” या प्रॉपर्टीने एक नवे, रिकामे फोल्डर दाखवून नेट चालू असताना एकदा पूर्ण बांधणी करावी, टेस्टसह, मग केबल काढून, तेच फोल्डर दाखवून, ऑफलाइन पर्याय लावून पुन्हा पूर्ण बांधणी करावी. दुसरी बांधणी यशस्वी झाली, तरच ते फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यावे. आपल्या रोजच्या रिपॉझिटरीवर केवळ ऑफलाइन पर्याय लावून घेतलेल्या चाचणीला अर्थ नाही, कारण तिच्यात कित्येक वर्षांच्या जार्स आधीच साचलेल्या असतात.

पेनड्राइव्हवरून नेलेली फाईल अर्धवट उतरल्याची उदाहरणे अजिबात दुर्मीळ नाहीत. लिनक्सवर “शा२५६सम” आणि विंडोजवर “सर्टयुटिल” यांची हॅश (फाईलच्या मजकुरावरून काढलेला आकडा) काढण्याची सोय वापरून दोन्ही ठिकाणचे आकडे जुळवून पाहावेत.

जावाचा छोटा रनटाइम जेडीकेतील जेलिंक या साधनाने स्वतः बनवून नेत असाल, तर त्यात “जावा.एसक्यूएल” हे मोड्यूल आवर्जून घालावे. जेडीबीसीचे सर्व वर्ग त्याच मोड्यूलमध्ये आहेत आणि केवळ मूळ मोड्यूल घेतलेल्या रनटाइममध्ये ते नसतात.

जोडणी

प्रत्यक्ष कोड लहान आहे. ड्रायव्हरमॅनेजर या वर्गाच्या “गेटकनेक्शन” पद्धतीला जोडणीचा पत्ता द्यायचा आणि मिळालेले कनेक्शन वापरायचे. एसक्यूलाईटसाठी हा पत्ता “जेडीबीसी:एसक्यूलाईट:” असा सुरू होतो आणि त्यापुढे फाईलचा पूर्ण पाथ येतो. विंडोजवरही पाथमध्ये सरळ तिरकी रेघच वापरावी, म्हणजे उलट्या रेघेच्या एस्केपची कटकट राहत नाही. एचटूसाठी पत्ता “जेडीबीसी:एचटू:” असा असतो आणि तेथे पाथ एकतर पूर्ण द्यावा लागतो किंवा त्याची सुरुवात टिंब-रेघ अथवा टिल्डे-रेघ यांनी करावी लागते. नुसते फाईलचे नाव दिल्यास एचटू ते नाकारते. डर्बीच्या पत्त्याच्या शेवटी, डेटाबेस प्रथमच बनवताना, “क्रिएट=ट्रू” जोडावे लागते.

जुन्या उदाहरणांत आढळणारी “क्लास.फॉरनेम” ही ओळ जेडीबीसी ४.० पासून, म्हणजे २००६ मध्ये आलेल्या जावा ६ पासून, गरजेची राहिलेली नाही. ड्रायव्हरची जार क्लासपाथवर (जावा जेथे वर्ग शोधते त्या ठिकाणांच्या यादीत) असली की जावा तो स्वतः शोधते. त्यामुळे “नो सूटेबल ड्रायव्हर” हा संदेश आला, तर कारणे दोनच धरावीत: जार क्लासपाथवर नाही, किंवा पत्त्याच्या सुरुवातीच्या भागात अक्षराची चूक आहे. पहिल्या कारणाचे एक फसवे रूप आहे. “जावा -जार” अशी आज्ञा दिली की “-सीपी” या पर्यायाने दिलेला क्लासपाथ पूर्णपणे दुर्लक्षिला जातो आणि केवळ मॅनिफेस्टमधील (जारच्या आतल्या माहिती-फाईलमधील) “क्लास-पाथ” ही नोंद वाचली जाते. म्हणून एकतर मॅनिफेस्टमध्ये “लिब” फोल्डरातील प्रत्येक जारचे नाव लिहावे, किंवा “-जार” सोडून, क्लासपाथमध्ये “लिब” फोल्डर तारकेसह देऊन, मुख्य वर्गाचे नाव स्पष्ट लिहावे. क्लासपाथमधील दोन नावांमध्ये विंडोजवर अर्धविराम आणि लिनक्सवर अपूर्णविराम लागतो.

जोडणी झाली का, हे पाहण्यासाठी टेबल बनवण्याआधी “सिलेक्ट एसक्यूलाईट_व्हर्जन()” एवढीच क्वेरी चालवून उत्तर छापावे. ते आले, की जार, नेटिव्ह लायब्ररी आणि पत्त्याचे रूप या तिन्हींची शंका एकदम मिटते. मग “क्रिएट टेबल इफ नॉट एक्झिस्ट्स” या विधानाने ग्रंथ, सभासद आणि देवघेव ही तीन टेबले बनवावीत. दाखल क्रमांक ही ग्रंथांच्या टेबलाची प्राथमिक किल्ली, आणि देवघेवीच्या टेबलात तो परकीय किल्ली (दुसऱ्या टेबलातील नोंदीकडे बोट दाखवणारा रकाना) म्हणून. नोंदी भरताना नेहमी प्रिपेअर्डस्टेटमेंट (माहितीच्या जागी प्रश्नचिन्हे ठेवून आधी तयार केलेले विधान) वापरावे, त्यातील प्रश्नचिन्हांचे क्रमांक १ पासून मोजावेत, आणि कनेक्शन, स्टेटमेंट व रिझल्टसेट हे तिन्ही “ट्राय-विथ-रिसोर्सेस”च्या कंसात उघडावेत, म्हणजे मध्येच चूक उद्भवली तरी फाईल बंद झाल्याशिवाय राहत नाही.

एसक्यूलाईटमध्ये परकीय किल्लीची तपासणी मुळात बंद असते, आणि ती दर कनेक्शनला स्वतंत्रपणे चालू करावी लागते; “प्राग्मा फॉरेन_कीज=ऑन” हे विधान (प्राग्मा म्हणजे एसक्यूलाईटची सेटिंग वाचण्या-बदलण्याची आज्ञा) प्रत्येक जोडणीनंतर चालवावे किंवा ड्रायव्हरच्या “एसक्यूलाईटकॉन्फिग” या वर्गातून ती सोय लावून घ्यावी. हे केले नाही, तर अस्तित्वात नसलेल्या दाखल क्रमांकाचे पुस्तक सभासदाला दिल्याची नोंदही डेटाबेस निमूटपणे स्वीकारतो.

दाखल नोंदवहीतील पाच-सहा हजार ग्रंथ एकदम भरायचे असतील, तर “सेटऑटोकमिट” खोटे करून सगळ्या नोंदी एका व्यवहारात (सगळे होईल किंवा काहीच नाही अशा गटात) भराव्यात आणि शेवटी कमिट म्हणजे कायम करावे. तसे न केल्यास प्रत्येक नोंदीमागे डिस्कवर लिहून खात्री करून घेण्याचे काम होते आणि काही सेकंदांचे काम फार लांबते.

फाईल नेमकी कोठे आहे

एम्बेडेड डेटाबेसमधल्या निम्म्या तक्रारींचे मूळ येथे आहे. सापेक्ष पाथ दिला, की तो प्रोग्रॅम ज्या फोल्डरातून सुरू झाला त्या फोल्डरापासून मोजला जातो. एक्लिप्स या कोड लिहिण्याच्या साधनातून चालवताना ते एक असते, डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटमधून दुसरे, आणि कमांड विंडोमधून तिसरे. एसक्यूलाईटला दिलेल्या जागी फाईल सापडली नाही तर तो चूक न दाखवता नवी, रिकामी फाईल बनवतो. परिणामी “नो सच टेबल” असा संदेश येतो, किंवा प्रोग्रॅम टेबले स्वतः बनवत असेल तर तोही येत नाही आणि ग्रंथपालांना सगळी पुस्तके गायब झालेली दिसतात. माहिती गेलेली नसते. ती दुसऱ्या फोल्डरात सुरक्षित असते.

याहून वाईट प्रकार म्हणजे पाथ रिकामा असणे. सेटिंगच्या फाईलमधून पाथ वाचताना काही चुकले आणि पत्ता “जेडीबीसी:एसक्यूलाईट:” एवढाच उरला, तर ड्रायव्हर केवळ मेमरीत राहणारा डेटाबेस उघडतो. दिवसभर सर्व काही नीट चालते आणि प्रोग्रॅम बंद करताच सगळे नाहीसे होते. म्हणून जोडणीआधी प्रोग्रॅमने पाथ रिकामा नाही हे तपासावे, “यूजर.होम” या प्रॉपर्टीवरून पूर्ण पाथ बनवावा, लागणारे फोल्डर स्वतः तयार करावे (एसक्यूलाईट फाईल बनवतो, फोल्डर बनवत नाही), आणि पहिली स्थापना नसेल तर फाईल आधीपासून असल्याची खात्री करावी, नसेल तर स्पष्ट शब्दांत संदेश देऊन थांबावे. एचटूमध्ये याच कामासाठी पत्त्यात “इफएक्झिस्ट्स=ट्रू” लिहिता येते. तो पूर्ण पाथ पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत सतत दिसत ठेवणे ही मला फार उपयोगी सवय वाटते. फोनवरून मदत करताना पहिला प्रश्न तोच असतो.

फाईल “प्रोग्रॅम फाइल्स” फोल्डरात ठेवू नये, कारण तेथे साध्या वापरकर्त्याला लिहिण्याची परवानगी नसते. ती जारच्या आतही ठेवता येत नाही. सुरुवातीची माहिती जारमधून द्यायची असेल, तर पहिल्या वेळी ती बाहेर नक्कल करून मगच उघडावी. आणि चालू डेटाबेस पेनड्राइव्हवर ठेवण्याचा मोह टाळावा. मध्येच कोणीतरी तो उपटतोच.

एकाच वेळी दोघांनी उघडल्यास

एचटूची फाईल एम्बेडेड पद्धतीने एका वेळी एकच जावा प्रोसेस उघडू शकते. दुसरीला “डेटाबेस मे बी ऑलरेडी इन यूज” असे उत्तर मिळते. डर्बीचेही तसेच आहे. बहुधा दोष आपलाच असतो: प्रोग्रॅमच्या दोन खिडक्या उघडलेल्या असतात किंवा एखादे डेटाबेस पाहण्याचे साधन मागे चालू राहिलेले असते. यावर अनेक जण पत्त्यात “ऑटो_सर्व्हर=ट्रू” लिहून मोकळे होतात. अडचण सुटते, पण त्या क्षणी एचटू टीसीपी पोर्ट उघडतो, आणि पोर्टला मनाई असलेल्या संगणकावर नियम नकळत मोडला जातो. एचटूचा वेब कन्सोलही पोर्टवरच चालतो, तेथे त्याऐवजी “ऑर्ग.एचटू.टूल्स.शेल” हे कमांड ओळीचे साधन वापरावे.

एसक्यूलाईट अनेक प्रोसेसना एकत्र वाचू देतो, मात्र एका वेळी लिहिणारा एकच. दुसरा लिहू पाहतो तेव्हा थोडा वेळ वाट पाहून “डेटाबेस इज लॉक्ड” असे सांगतो. “जर्नल_मोड” हा प्राग्मा “वॉल”वर (बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाईलमध्ये लिहिण्याची पद्धत) ठेवल्यास वाचणारे आणि लिहिणारे एकमेकांना अडवत नाहीत. ही पद्धत एकाच संगणकापुरती आहे. पुढे ग्रंथालयात दुसरा संगणक आला आणि कोणी “फाईल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवू” म्हणाले, तर ठाम नकार द्यावा, कारण नेटवर्क ड्राइव्हवरचे फाईल लॉकिंग भरवशाचे नसते आणि डेटाबेस बिघडण्याची ती हमखास वाट आहे.

तेव्हा मात्र पोस्टग्रेससारख्या सर्व्हरची वेळ आलेली असते. पोर्टला बंदी असलेल्या संगणकावर सर्व्हर वापरणे भाग असेल, तर मारियाडीबीच्या जावा ड्रायव्हरमध्ये “लोकलसॉकेट” हा पर्याय आहे आणि मायएसक्यूएलचा ड्रायव्हर विंडोजवर नेम्ड पाइपमधून (पोर्टशिवाय बोलण्याच्या विंडोजच्या सोयीतून) जोडू शकतो. पोस्टग्रेसच्या जावा ड्रायव्हरला युनिक्स सॉकेट (लिनक्सवरची तशीच पोर्टशिवायची सोय) स्वतःहून समजत नाही. त्यासाठी वेगळी सॉकेट फॅक्टरी पुरवावी लागते. पोर्ट चालत असेल, तर पत्त्यात “लोकलहोस्ट”ऐवजी थेट १२७.०.०.१ लिहावे, कारण काही संगणकांवर ते नाव आयपीव्ही६ च्या पत्त्याकडे जाते आणि सर्व्हर तेथे ऐकत नसतो.

वीज, बॅकअप आणि मराठी अक्षरे

वीज अचानक जाणे गृहीत धरूनच योजना करावी. एसक्यूलाईटचा “सिंक्रोनस” हा प्राग्मा “फुल”वर असू द्यावा. वेगासाठी तो बंद करण्याचा सल्ला जागोजागी मिळतो, पण यूपीएस नसलेल्या ठिकाणी तो मानू नये. चालू डेटाबेसची फाईल फाईल मॅनेजरमधून कॉपी करणे हा बॅकअप नव्हे: वॉल पद्धतीत ताज्या नोंदी शेजारच्या “-वॉल” फाईलमध्ये असू शकतात आणि केवळ मुख्य फाईल उचलल्यास त्या मागे राहतात. प्रोग्रॅममध्येच एक बटण द्यावे आणि त्यामागे “व्हॅक्यूम इनटू” हे विधान चालवावे, म्हणजे तारखेच्या नावाची पूर्ण, सुसंगत नक्कल तयार होते. एचटूमध्ये हेच काम “बॅकअप टू” करते. मात्र एचटूची २.० ही आवृत्ती १.४ च्या फाईली उघडत नाही, म्हणून जार बदलण्याआधी जुन्या जारने “स्क्रिप्ट” आज्ञेद्वारे सगळी माहिती मजकूर स्वरूपात काढून ठेवावी.

मराठी मजकूर डेटाबेसमध्ये जाताना बिघडत नाही. तो बिघडतो कोड कंपाइल होताना. जावा १८ पूर्वी विंडोजवर कंपाइलर स्थानिक कोडपेज धरून चालत असे, त्यामुळे “-एन्कोडिंग” पर्यायाने यूटीएफ-८ सांगणे आवश्यक होते. दुसरी बाब अनुक्रमाची आहे. एसक्यूलाईट साध्या क्रमवारीत युनिकोडच्या क्रमाने जातो आणि युनिकोडमध्ये “ळ” हे “ल” नंतर लगेच, “व”च्या आधी येते. म्हणून ग्रंथपालांना “काळे” हे नाव “कावळे”च्या आधी दिसेल, जे मराठी वर्णक्रमाला धरून नाही. यादी जावामध्ये आणून, स्वतःच्या नियमांनी बनवलेल्या “रूलबेस्डकोलेटर”ने (अक्षरांचा क्रम ठरवून देता येणाऱ्या जावाच्या वर्गाने) लावली की हा प्रश्न सुटतो. काही हजार नोंदींसाठी त्याला जाणवण्याइतका वेळ लागत नाही.

नंतरचे बदल

प्रोग्रॅमची नवी आवृत्ती पेनड्राइव्हवरून जाणार आणि त्या संगणकावर सध्या कोणती आवृत्ती आहे हे आपल्याला दुरून पाहता येणार नाही, म्हणून टेबलांच्या रचनेचा क्रमांक डेटाबेसनेच लक्षात ठेवला पाहिजे. एसक्यूलाईटच्या फाईलमध्ये यासाठी “यूजर_व्हर्जन” नावाचा पूर्णांक असतो, जो सुरुवातीला ० असतो आणि प्राग्माने वाचता-लिहिता येतो. प्रोग्रॅम सुरू होताना तो वाचावा, आधी वर सांगितल्याप्रमाणे बॅकअप घ्यावा, आणि मग १ पासून पुढचे जे बदल झालेले नसतील ते क्रमाने करून क्रमांक वाढवावा. एसक्यूलाईटमध्ये टेबलाची रचना बदलणारी विधानेही व्यवहारात मोडतात, त्यामुळे बदल आणि क्रमांक दोन्ही एकाच कमिटमध्ये ठेवता येतात आणि मध्येच वीज गेली तरी फाईल जुन्या रचनेवर शाबूत राहते. एचटूमध्ये ही सवलत नाही. तेथे रचना बदलणारे प्रत्येक विधान स्वतःच कमिट होते, म्हणून प्रत्येक बदल पुन्हा चालवला तरी चालेल अशा रीतीने लिहावा लागतो.